फटफटीचा सायलेन्सर सुटतो का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मावळातल्या एका वाडीवरच्या शाळेत येऊन मुलांशी चार गोष्टी बोलाव्यात, असे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सुचवले आणि मीही "येतो" म्हणून मोकळा झालो. वाडीला पक्की सडक नाही. शेवटचे सहा-सात किलोमीटर म्हणजे नुसता मुरमाचा चढ, मध्ये दोन ओढे आणि वाटेभर डोकी वर काढून बसलेले दगड. विद्यार्थ्याने नुकतीच उंच बांध्याची, अशा आडरानात चालणारी मोटारसायकल घेतली होती. तिचा मूळ सायलेन्सर काढून त्याने बाजारातला एक चकचकीत, आखूड सायलेन्सर बसवून घेतला होता. आवाज असा, की ओढ्यापलीकडची गुरे बुजावीत. "सर, घट्ट धरून बसा," एवढे सांगून त्याने गाडी चढाला घातली.

दुसऱ्या ओढ्याच्या वर मागून 'खाड्' असा आवाज झाला, सायलेन्सर बाहेरच्या बाजूला कलला आणि त्याचा तापलेला पत्रा माझ्या उजव्या पोटरीला लागला. मी उडी मारली म्हणा, पडलो म्हणा. गाडीही आडवी झाली. पोटरीवरचा चट्टा अजून आहे. माझे चट्ट्यावर भागले. पण त्याच जागी रोज संध्याकाळी त्याची सहा वर्षांची पुतणी बसत असे, हे त्याने मला नंतर सांगितले आणि सांगताना त्याचा चेहरा उतरला होता.

परतताना आम्ही ती गाडी तालुक्याच्या गावी एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी तुटलेली पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली, भोकातला करपलेला रबराचा तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला आणि विचारले, "मास्तर, ह्यातली नळी कुठाय?"

"कसली नळी?"

"रबरातली. ती नसली तर दुसरं काय व्हायचं?"

मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. पण कारण दिसले की कार्य उलगडते, हे मला कळते. त्या दिवशी दोन तास त्या गॅरेजात बसून जे शिकलो, आणि पुढे पुस्तकांतून व कंपनीच्या मार्गदर्शिकेतून पडताळून पाहिले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आधी सायलेन्सरवर काय काय प्रसंग येतात ते पाहू. पहिला प्रसंग उष्णतेचा. इंजिनावर भार पडला की सिलिंडरातून बाहेर येणारा वायू सहाशे-सातशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो. लोखंड तापले की वाढते, हे आपल्या लोहाराला शाळेत न जाता ठाऊक असते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवताना तो ती आधी जाळात लाल करतो. ती सैल होते, चाकावर चढते आणि पाणी मारताच आवळून बसते. शिक्षकबंधू वर्गात गोळा आणि कडे यांचा जो प्रयोग करून दाखवतात, तो हाच. आता हिशेब करू. साधे पोलाद दर अंशाला, लांबीच्या दहा लाख भागांमागे सुमारे बारा भाग वाढते. एक मीटर लांबीची नळी चारशे अंशांनी तापली, तर ती जवळजवळ पाच मिलिमीटर वाढली पाहिजे. स्टेनलेस स्टीलची असेल तर सातच्या आसपास. कारण नेहमीचे गंज न चढणारे पोलाद साध्या पोलादापेक्षा अधिक फुगते. सगळी नळी सारखी तापत नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल. पण दोन-तीन मिलिमीटर का होईना, ही नळी रोज वाढणार आणि रोज आखडणार. तिला वाढायला जागा दिली नाही, तर ती जिथे कच्ची असेल तिथे स्वतःच जागा करून घेते. त्यालाच आपण 'तडा गेला' म्हणतो.

दुसरा प्रसंग थरथरीचा. चार-ठोक्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला तीन हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, धुराचा फटका त्या नळीत बसतो. शिवाय इंजिनाचे स्वतःचे हादरे आहेतच.

तिसरा प्रसंग वाटेचा. समजा सायलेन्सर चार किलोचा आहे. गाडी दगडावरून खाली आपटली आणि धक्का वजनाच्या पाचपट जरी धरला, तरी त्या क्षणी पट्टीवर वीस किलोचा भार येतो. आणि हा भार नळीच्या मागच्या टोकाला असतो. लांब बांबूच्या टोकाला पाण्याची कळशी अडकवून दुसरे टोक एका हाताने धरून पाहा. मनगटाला काय वाटते, तेच पुढे सिलिंडरपाशी असलेल्या दोन बारीक स्टडांना वाटते.

म्हणून सायलेन्सर धरण्याची रीत अशी ठरली आहे, की पुढे घट्ट आणि मागे लवचीक. पुढे सिलिंडरच्या तोंडाशी नळी दोन नटांनी पक्की आवळलेली असते, कारण तिथे धूर गळता कामा नये. मागे मात्र ती फ्रेमला रबराच्या बुशातून लटकावलेली असते. नळीला मागे-पुढे सरकू द्यायचे, पण झोकांड्या खाऊ द्यायच्या नाहीत.

आता मिस्त्रींच्या नळीकडे येऊ, कारण सारे मर्म तिच्यात आहे. बुश म्हणजे रबराचे जाड कडे. त्याच्या भोकात पोलादाची एक छोटी नळी असते आणि ती रबराच्या जाडीपेक्षा किंचित लांब असते. बोल्ट या नळीतून जातो. नट आवळला की त्याचा सारा जोर पोलादाच्या नळीवर येतो. पोलादावर पोलाद टेकले की नट खऱ्या अर्थाने घट्ट होतो. रबर मात्र नळीभोवती मोकळे राहते आणि हादरे सोसते. ही नळी हरवली, किंवा जुन्या सायलेन्सरबरोबर भंगारात गेली, की बसवणारा काय करतो? बोल्ट सरळ रबरातून घालतो आणि दोन बाजूंना वायसर लावून आवळतो. मग रबर चेपते. पाना लावावा तेवढा नट फिरतच राहतो आणि आपल्याला वाटते, काय घट्ट बसले! चार दिवसांत उष्णतेने ते चेपलेले रबर करपते, बारीक होते आणि नटाखालची जागा मोकळी पडते. नट एकदा सैल झाला की सायलेन्सर हलू लागतो. हलू लागला की सगळा मार पट्टीच्या वेल्डिंगवर. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीत नेमके हेच झाले होते. ओढ्यातल्या दगडाने फक्त शेवटचा धक्का दिला.

बरे, एवढ्यावरही भागले नव्हते. नव्या सायलेन्सरच्या पट्टीचे भोक आणि फ्रेमचे भोक एकमेकांसमोर येत नव्हते. साधारण बोटाच्या पेराएवढा फरक होता. बसवणाऱ्याने पट्टी हाताने ओढून बोल्ट घातला आणि पान्याच्या जोराने दोन्ही भोके जुळवली. म्हणजे गाडी जागची हलण्याआधीच ती पट्टी ताणलेल्या धनुष्यासारखी झाली. "जबरदस्तीनं लावलेलं लगीन," मिस्त्री म्हणाले. अशा वेळी मध्ये योग्य जाडीचा पोलादी तुकडा घालावा, किंवा पट्टीच नव्याने करून घ्यावी. सायलेन्सर हाताच्या बोटांनी जागेवर बसला पाहिजे. पाना लागतो तो नुसता आवळायला.

ज्यांना हे काम स्वतः करायचे आहे, किंवा मिस्त्रीशेजारी उभे राहून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी क्रम सांगतो. गाडी पूर्ण थंड असावी; तासभर तरी उभी राहू द्या. सिलिंडरपाशी असलेले नट जुने, गंजलेले असतील तर आदल्या संध्याकाळीच त्यांवर गंज सोडवणारे तेल घालून ठेवा. घाईने पाना मारला आणि स्टड आतच मोडला, तर दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते, कारण तो स्टड ॲल्युमिनियममध्ये बसवलेला असतो आणि ॲल्युमिनियमचे आटे फार हळवे. नव्या गाड्यांत नळीवर प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. त्याची वायर आधी सोडवा, नाहीतर नळी खाली येताना वायर तुटते.

जुनी नळी निघाली की सिलिंडरच्या तोंडात बोट घालून पाहा. तिथे तांब्याच्या पत्र्याचे कड्यासारखे गॅस्केट असते. एकदा चेपले की त्याचे काम संपले. दर वेळी नवे घालायचे. पुष्कळदा जुने कडे काजळीत असे मिसळून गेलेले असते, की ते तिथे आहे हेच कळत नाही आणि त्याच्यावर दुसरे घातले जाते. मग नळी तिरकी बसते आणि धूर गळतो. जुने कडे काढताना तीक्ष्ण हत्याराने बैठकीवर ओरखडे पाडू नका.

मग नवे सामान जोडायचे. पण कुठलाही नट पुरता आवळायचा नाही. पुढची नळी, मागचा सायलेन्सर, पट्टी, बुश, पोलादी नळी, सगळे सैल जोडून जागच्या जागी आहे ना हे पाहायचे. एक नळी दुसरीत शिरते तिथे ती पूर्ण आत गेली पाहिजे. जेमतेम तोंडाशी अडकवलेली नळी क्लॅम्प धरून ठेवू शकत नाही. सारे जुळले की पुढून मागे येत आवळायचे. आधी सिलिंडरपाशी असलेले दोन नट, एकदा हा, एकदा तो, थोडे थोडे. एकच नट एका दमात आवळला तर नळी एका बाजूला तोंड वाकडे करून बसते. नंतर फ्रेमचा बोल्ट आणि शेवटी जोडावरचा क्लॅम्प.

किती आवळायचे? इथे आपल्याकडे 'अजून थोडं' हे एकच माप चालते आणि त्यानेच आटे मरतात. मार्गदर्शिकेत न्यूटन-मीटरमध्ये आकडा दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. या कामातल्या आठ मिलिमीटर बोल्टासाठी तो बहुधा वीसच्या आसपास असतो. वीस न्यूटन-मीटर म्हणजे काय, हे वर्गात सांगायला सोपे आहे: वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले, की जेवढा पीळ बसेल तेवढा. पान्यात लांब पाईप घालून त्यावर उभे राहण्याची काही गरज नाही.

नटांविषयी एक सूचना. ज्या नटाच्या आत प्लास्टिकचे कडे असते, तो इतरत्र फार चांगला, पण सायलेन्सरच्या तोंडाशी निकामी. ते कडे उष्णतेने मऊ पडते आणि नट साधा होऊन बसतो. तिथे सर्व धातूचा, आवळून धरणारा नट हवा. आट्यांना उष्णता सोसणारे, तांब्याची भुकटी असलेले ग्रीस अगदी पातळ लावले तर पुढच्या वेळी नट निघतो.

काही सायलेन्सर क्लॅम्पऐवजी स्प्रिंगांनी अडकवलेले असतात. पाहणाऱ्याला ही व्यवस्था तकलादू वाटते; मलाही वाटली होती. पण शर्यतीच्या आणि आडवाटेच्या गाड्यांत ती मुद्दाम केलेली असते. स्प्रिंग नळीला ओढून धरते आणि आपटल्यावर हलूही देते. तडा जात नाही. टू-स्ट्रोक गाड्यांची मोठ्या पोटाची नळी अशीच स्प्रिंगांवर लटकते. या नळीचे शास्त्र १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या इंजिनियराने शर्यतीसाठी तयार केले. नळीत मागे परतणारी दाबाची लाट ताजे मिश्रण सिलिंडरात परत ढकलते, ही त्यातली युक्ती. १९६१ साली त्यांचा एक नामांकित स्वार, एर्न्स्ट डेगनर, पश्चिमेकडे पळून गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर त्याने पन्नास सी.सी.चे जगज्जेतेपद मिळवले. धुराची नळी ही काय चीज आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. असो. स्प्रिंग असेल तर तिच्यातून बारीक पोलादी तार ओवून दोन्ही टोके बांधून ठेवा; स्प्रिंग तुटली तरी रस्त्यावर पडणार नाही.

सगळे आवळून झाले की आणखी एक परीक्षा राहते आणि उंच गाड्यांत तीच विसरली जाते. गाडी उभी असताना सायलेन्सर आणि मागचे चाक यांत हातभर अंतर दिसते. पण खड्ड्यात मागचा शॉक पुरता दबला की चाक वीस सेंटिमीटर वर येऊ शकते. तेव्हा चाक, चिमटा किंवा साखळी त्याला लागते का? खात्री करायची तर शॉक सोडवून चाक हाताने वर उचलून पाहावे. ते जमत नसेल तर दोन धडधाकट माणसे मागे बसवून तिसऱ्याने पाहावे. ब्रेकची नळी, दिव्याच्या वायरी, बाजूचे प्लास्टिक यांपासूनही दोन बोटांचे अंतर हवेच. आणि पायाशी उष्णता अडवणारा पत्रा मूळ गाडीला असेल, तर नव्यालाही तो हवा. माझ्या पोटरीची साक्ष काढायला हरकत नाही.

गाडी उघड्यावरच सुरू करा. बंद खोलीत किंवा दार लावलेल्या गोठ्यात कधीही नाही; धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस मारायला त्याला फार वेळ लागत नाही. सुरू करण्याआधी नव्या पत्र्यावरचे तेलकट बोटांचे ठसे पुसून टाका, नाहीतर ते कायमचे भाजून बसतात. सुरू झाल्या झाल्या, नळी तापण्याच्या आत, जोडांवर साबणाचे पाणी टाका. बुडबुडे आले तर गळती आहे. गळतीने नुसता आवाज होत नाही. मूठ सोडली की मागून फटफट बार निघतात. शिवाय सेन्सरच्या पुढे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, इंजिनात पेट्रोल कमी पडते आहे असा त्याचा समज होतो आणि ते विनाकारण जास्त पेट्रोल पाजू लागते. पाच-दहा मिनिटे चालवून, पूर्ण थंड करून, प्रत्येक नट पुन्हा एकदा पाहायचा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा. नवे गॅस्केट बसत जाते, म्हणून ही पुनर्तपासणी.

आता कायद्याविषयी बोलणे भाग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो. आवाज व धूर यांची मर्यादा मोडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते, आणि परवानाही तीन महिने जातो. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे मान लागू झाले. त्यांच्या नळीत विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. बाजारातला पोकळ सायलेन्सर बसवताना पुष्कळदा तोच काढून फेकला जातो. तेव्हा सडकेवर चालणाऱ्या गाडीला मूळ सायलेन्सर किंवा त्याच मानाचा, मान्यताप्राप्त सायलेन्सरच लावावा. शर्यतीचा सायलेन्सर शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर. मूळ सायलेन्सर गंजला म्हणून बदलायचा असला, तरी बसवण्याची रीत वर सांगितली तीच आहे, एवढे लक्षात असू द्या.

वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी सांगतो. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचे गवत काडेपेटीसारखे झालेले असते. लांब चढ चढून आलेली गाडी त्या गवतात उभी करू नका. खाली लोंबणाऱ्या नळीवर अडकलेले वाळके गवतही काढत चला. आणि पोटरी भाजलीच, तर त्यावर तूप, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरा, बर्फ नको, मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठा. मला त्या दिवशी वाडीवरच्या एका आजींनी मायेने तूप लावले होते. डॉक्टरांनी ते काढताना जे झाले, ते इथे सांगत नाही.

आडरानात नट हलला तर निदान घरापर्यंत पोचता यावे म्हणून गाडीत एक जादा बोल्ट, त्याचा नट, एक बुश आतल्या नळीसकट आणि हातभर बांधणीची तार ठेवावी. सुतळी किंवा सायकलची ट्यूब बांधू नये, ती पेटते.

मिस्त्रींनी त्या दिवशी काम संपवल्यावर एक गंमत केली. कोपऱ्यातल्या डब्यातून पांढरा रंग काढला आणि काडीने प्रत्येक नटावर एक बारीक रेघ ओढली, ती नटावरून खाली पट्टीपर्यंत सरळ नेली. "नट फिरला की रेघ तुटंल," ते विद्यार्थ्याला म्हणाले. "रोज सकाळी किक मारायच्या आधी बघायचं. पाना नको न् काय नको." आता गाडीला पुन्हा कंपनीचाच सायलेन्सर आहे. गेल्या महिन्यात वाडीवर गेलो तेव्हा रेघा पाहायचे काम पुतणीने आपल्याकडे घेतले होते. ती वाकून चारही नट मोजते आणि मगच मागे बसते.